काटमास्तरांनी काटलेली ओळ

रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपास सानिकाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आत शिरलं की लॅमिनेशनच्या मशीनपलीकडे एक लाकडी टेबल, त्यावर निळ्या पेन्सिलींचा पेला आणि पेल्यामागे आत्माराम पावसकर. वय एकाहत्तर, शर्ट इस्त्रीचा, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. कंपनीला, वकिलातीला, बँकेला, परदेशातल्या लेकाच्या घरमालकाला इंग्रजीत काही लिहायचं असलं की अर्धा जिल्हा या टेबलाशी येतो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. मुंबईत एका जहाज एजंटाकडे एकतीस वर्षं कारकुनी केली, एवढंच. पण इंग्रजी लिहून देणाऱ्या माणसाला आपल्याकडे मास्तर नाही म्हणायचं तर म्हणायचं काय? पाठीमागे मात्र लोक त्यांना काटमास्तर म्हणत, कारण हा माणूस लिहायचा कमी आणि काटायचा जास्त.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी माणूस जे बोलेल ते मराठीत, शिसपेन्सिलीने, जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. मग निळी पेन्सिल घेऊन त्यातलं नको ते काटायचं. जे उरेल त्याचं इंग्रजी. उतरवलेला मूळ कागद टाचणी लावून प्रतीच्या मागे, आणि प्रत घरच्या पत्र्याच्या पेटीत. ही शिस्त मुंबईच्या हेडक्लार्कची. तो विचारायचा, "पावसकर, कागद भरायला लिहितोस की कुणी वाचायला?" त्या प्रश्नाचा धसका आत्मारामांनी जन्मभर बाळगला.

टेबलावर त्यांनी पुठ्ठा टांगला होता. रडू नये. फुगवू नये. एका वाक्यात एकच गोष्ट. साहेबाच्या कामाचं नाही ते काटावं. गिऱ्हाईक घरून 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन' असं चार ओळींचं लोटांगण लिहून आणायचं, ते पहिलं जायचं. 'काइंडली डू द नीडफुल' दिसलं की मास्तर चष्म्यावरून बघायचे. "काय करायचं ते सांगा ना! पैसे पाठवायचे, की माणूस पाठवायचा? साहेबाने काय तुमच्या मनात शिरून बघायचं?" 'कझिन ब्रदर'वर तर त्यांचं वेगळंच व्याख्यान होतं. इंग्रजाला मामेभाऊ आणि आतेभाऊ एकच, त्याला सांगून फायदा नाही. कुणी विचारलं, साहेबाला 'आपण' घातलंत ना, तर ते म्हणायचे, "इंग्रजीत कुत्र्याला आणि कलेक्टरला एकच शब्द. काळजी नको."

लोक हसायचे आणि पुन्हा यायचे. कारण काटमास्तरांच्या पत्राला उत्तर यायचं. त्यांना त्याचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

तीन वर्षांपूर्वी माघात तुळसा आडिवरेकर आली. राजापूर तालुक्यातल्या नाटे गावची, पन्नाशीची विधवा, मासे विकून संसार केलेली. तिचा एकुलता एक मुलगा रितेश आखातात एका मालवाहू बोटीवर खलाशी होता. तो बोटीवरून नाहीसा झाल्याचा कंपनीचा फोन आला होता. रात्री ड्युटीवर होता, सकाळी नव्हता. बाकी कुणी काही सांगत नव्हतं.

"सगळं लिवा हां मास्तरानू," ती स्टुलावर बसत म्हणाली. "काय सोडू नका."

ती बोलत गेली आणि मास्तर उतरवत गेले. देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव सगळं सांगतो ना, घर, कूळ, वाडी, कुणाचा कोण, काय चुकलं, काय हवं, तशीच तिची चाल होती. रितेस अठ्ठावीस सरलेला. बापूस दर्यात गेला तवा सात वरसांचा. झोपेत बोलतो. तारल्याचं कालवण असलं की भात दोनदा घेतो. कमरंला बापाच्या जाळ्यातला निळा दोरा हाय, मी वळून बांधलेला. पाच गाठी त्याला. एक बापाची, एक आज्याची, एक देवाची, एक दर्याची, एक माजी. आमच्यात दर्यात जाणाऱ्याला बांधतात, म्हंजे दर्याला कळतं ह्यो कुणाचा. शिमग्याला येतो म्हणालान. पालखी खांद्यावर घ्यायचीय त्याला.

दोन पानं झाली. मास्तरांनी निळी पेन्सिल उचलली.

"तुळसाबाय, हे गाऱ्हाणं देवळात घाला. देवाला वेळ असतो. साहेबाला नसतो."

झोपेत बोलणं गेलं. तारली गेली. बाप गेला. दोऱ्यापाशी पेन्सिल क्षणभर थांबली होती, हे त्यांना नंतर लख्ख आठवलं. करगोट्याला इंग्रजीत शब्द नाही. कमरेचा दोरा म्हणून लिहायचं, मग गाठी, मग गाठींचे मालक. वाचणारा हसेल, कसली अडाणी माणसं म्हणेल. त्यांना तिच्यासाठी लाज वाटली आणि स्वतःसाठीही. त्यांनी ती ओळ काटली, मग शिमगाही काटला. उरलं ते चोख होतं. नाव, वय, उंची, पासपोर्ट, खलाशाच्या नोंदपुस्तकाचा नंबर, बोटीचं नाव, तारीख. आणि तीन प्रश्न: शोध कुणी घेतला, किती दिवस घेतला, कुठल्या पोलिसांना कळवलं. अकरा ओळी. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्र, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. शोध चालू आहे, आपलं पत्र तिकडच्या पोलिसांकडे पाठवलं आहे. गावात बोलबाला झाला. तुळसाने पत्राची प्रत सानिकाकडून लॅमिनेट करून घेतली आणि नाट्याला नेली.

त्यानंतर काहीच आलं नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुळसा पहिल्या गाडीने यायची, मूठभर सोडे, सोललेली सुकी कोळंबी, कागदात बांधून टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "एक आनी लिवा मास्तरानू. तुमच्या कागदाला मान हाय." मास्तर लिहायचे. कंपनीला, वकिलातीला, मग मुंबईतल्या खलाशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला. तीन वर्षं.

आणि मग यंदा, मे महिन्यात, त्या संस्थेतल्या नम्रता नावाच्या बाईंचा ईमेल आला. सानिकाने छापून टेबलावर ठेवला. सकाळचे अकरा वाजले होते, दुकानात गर्दी होती.

ईमेल सुंदर लिहिलेला होता. एका वाक्यात एकच गोष्ट. बोट जिथून गेली त्या किनाऱ्याला अकरा दिवसांनी एका पुरुषाचं प्रेत लागलं होतं. चेहरा आणि उंची सांगण्याजोगं काही उरलं नव्हतं. कमरेला निळा नायलॉनचा दोरा होता, त्याला पाच गाठी. तिकडच्या पोलिसांनी जहाजांच्या एजंटांना विचारलं होतं, अशा दोऱ्याचा कुणी माणूस हरवला आहे का. तेव्हा रितेशच्या कंपनीने फाईल बघून कळवलं होतं की कुटुंबाचं पत्र अतिशय स्पष्ट असून त्यात अशा कुठल्याही दोऱ्याचा उल्लेख नाही. आठ महिने वाट पाहून प्रेत बेवारस म्हणून पुरलं, कबरीला नंबर आहे. दोरा पोलिसांच्या पाकिटात आहे. कृपया आईला विचारून खात्री करावी.

मास्तरांनी तो कागद चार वेळा वाचला. सवयीने हात निळ्या पेन्सिलीकडे गेला होता. काटण्यासारखा एक शब्द त्यात नव्हता.

"काय म्हणतात?" सानिकाने मशीनवरून विचारलं.

"चौकशी," मास्तर म्हणाले आणि कागद खिशात घातला.

त्या दिवसापासून त्यांना दोरा दिसायला लागला. दिसायला काय, तो होताच सगळीकडे. बंदरावरच्या माणसांचं अर्धं जग त्याच दोऱ्यावर बांधलेलं असतं. मिरकरवाड्यात सुकत टाकलेल्या जाळ्यांत, आंब्याच्या पेट्यांवर, रिक्षाच्या आरशाला, घरी परसात सगुणाने ताणलेल्या कपड्यांच्या दोरीत. त्यांनी ती दोरी कापून टाकली आणि बायकोला सांगितलं की कुजली होती. सगुणाशी लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. नायलॉन कुजत नाही हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चष्म्याची दोरीही सोडून ठेवली. ती काळी होती, तरी.

मग आवाज सुरू झाला. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि मध्येच, अगदी जवळून, कानाशी तोंड आणून सांगावं तसं कुणी तरी म्हणायचं, एक बापाची, एक आज्याची. मास्तर मान वळवायचे. मागे भिंत आणि पुठ्ठा. भुताखेतांवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. पण आपल्याकडे म्हणतात ना, ज्याचं करायचं राहून गेलंय तो दाराशी उभा राहतो. त्यांनी पेन्सिल धरली की कुणी तरी टेबलाच्या पलीकडे ओल्या अंगाने उभं आहे, असं त्यांना वाटायचं. तो काही मागत नसे. नुसता आपलं नाव कधी लिहिलं जातंय त्याची वाट बघत उभा असे. मास्तरांना भीती वाटायची, आणि भीतीपेक्षाही लाज.

त्यांनी काटणं बंद केलं. कुणी काय सांगेल ते सगळं लिहायला लागले. बँकेच्या अर्जात गाईचं वासरू आलं, पासपोर्टच्या अर्जात नणंदेचा स्वभाव. लोक कुजबुजले, मास्तरांचं वय झालं.

एका दुपारी त्यांनी घरची पत्र्याची पेटी उघडली. हजारभर कागद असतील. रितेशचा वर काढून ठेवला आणि मग बाकीचे चाळायला लागले. पत्रं नव्हे, त्यांच्या मागचे मूळ कागद, आणि त्यांतही फक्त निळ्या रेघेखालच्या ओळी. देवरूखची एक बाई सांगत होती, माझ्या नवऱ्याला दिवेलागणीनंतर दिसत नाही, हे तो लाजेने सांगायचा नाही, त्याला क्रेनवर चढवू नका. काटलं होतं. पत्र पगाराबद्दल होतं ना! बुरोंडीचा एक म्हातारा सांगत होता, मुलगी फोनवर सगळं बरं आहे म्हणते, पण ती बरं असताना मला कधी 'बाबा' म्हणत नाही, 'अहो आबा' म्हणते. तेही काटलं होतं. पुढे त्या नवऱ्याचं काय झालं? त्या मुलीचं? मास्तरांना माहीत नव्हतं. कुणी पुन्हा आलंच नव्हतं. हा एक हिशेब उलगडला म्हणून ते घाबरले होते; न उलगडलेले हजार त्या पेटीत होते. ते झाकण न लावताच उठले आणि ओटीवर जाऊन बसले.

मधे पहिला सोमवार आला. तुळसा आली. सोडे ठेवले, स्टुलावर बसली, पदराने मान पुसली.

"काय खबर मास्तरानू?"

खिशात तो ईमेल होता. शर्टातून तो कागद छातीला टोचत होता. "नाही," मास्तर म्हणाले. "एक लिहू या अजून." आणि त्यांनी तिच्यासमोर बसून, सगळं माहीत असताना, कंपनीला आणखी एक पत्र लिहिलं. त्यांच्या हातून एवढं वाईट काम कधी झालं नव्हतं. जाताना ती म्हणाली, "तुमी हायसा म्हनून धीर हाय." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रात्रभर नव्हे, अठरा दिवस त्यांच्या डोक्यात एकच मसुदा चालू होता. तुळसाला सांगायचं तर होतंच, इतके ते नीच नव्हते. पण काय सांगायचं? प्रेत सापडलं. कमरेला दोरा होता. कबर आहे, नंबर आहे. एवढं पुरे होतं. पोलिसांनी तेव्हाच विचारलं होतं, आणि मास्तरांच्या पत्रामुळे उत्तर 'नाही' गेलं, ही ओळ तिला कशाला? तिला इंग्रजी येत नाही. तिला कोण वाचून दाखवणार, मास्तरच. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं. फक्त एक ओळ काटायची होती, आणि त्यात त्यांचा हात बसलेला होता. ऐकणारीच्या कामाचं नाही ते काटावं.

सगुणाने त्यांना परसात गाठलं. हातात रितेशचा मूळ कागद होता, आणि ईमेलही. धुवायला टाकलेल्या शर्टात तो राहिला होता. इंग्रजी तिला अडखळत यायचं, पण 'फाइव्ह नॉट्स' आणि 'ब्लू' कळायला किती लागतं?

"अहो, हे तिला माहीत आहे?"

"नाही."

"सगळं सांगणार आहात ना?"

मास्तरांनी कापलेल्या दोरीच्या उरलेल्या गाठीकडे नजर वळवली. सगुणाला त्यातून जे कळायचं ते कळलं. "ती बाई तीन वर्षं आपल्याला सोडे आणून देतेय," ती म्हणाली. "मी रांधलेत, तुम्ही खाल्लेत. उद्या जाऊन सांगा. सगळं. नाहीतर मी जाते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रहाटाघरच्या स्टँडवरून गाडीत बसले. भाट्याचा पूल, पावस, आडिवरे. खिडकीतून डावीकडे जांभ्याचे सडे आणि उजवीकडे मधूनमधून समुद्र. समुद्राकडे त्यांनी बघायचं टाळलं. शेजारची जागा आडिवऱ्यापर्यंत रिकामीच होती. तरी ते अंग चोरून बसले होते, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे.

तुळसाचं घर खाडीच्या अंगाला, दोन खोल्यांचं. ती दारात मासे नीट करत होती. मास्तरांना बघून तिने हात धुतले, पुसले आणि हाक न मारता आत गेली. एवढा माणूस नाट्याला उगाच येत नाही, हे तिला कळलं होतं. देवाच्या फळीशेजारी भिंतीवर ते लॅमिनेट केलेलं पत्र होतं. त्याच्या वरच्या कोपऱ्यात उदबत्तीच्या धुराचा पिवळा डाग पडला होता.

मास्तर पाटावर बसले. पाणी घेतलं नाही. त्यांनी ईमेल काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगितली. किनारा. अकरा दिवस. दोरा. पाच गाठी. इथे तुळसाने तोंडाला पदर लावला. पुढची ओळ आली. काटता येत होती. अजूनही येत होती.

"पोलिसांनी तेव्हाच विचारलं होतं, तुळसाबाय," ते म्हणाले. "असा दोरा कुणाचा म्हणून. कंपनीने सांगितलं, आईच्या पत्रात दोऱ्याचं काही नाही. तुम्ही मला सांगितलं होतं. मी काटलं. मला ते लिहायची लाज वाटली. म्हणून त्याला बेवारस पुरलं."

बाहेर मांजर माशांच्या टोपलीशी आलं, पण तुळसा उठली नाही.

"मी बोललेलं," ती अखेर म्हणाली.

"हो."

"पाच गाठी बोललेलं. नावं सांगितलेली."

"हो."

"तीन वरसं मी ह्या कागदाला उदबत्ती दाखवतंय." ती उठली, भिंतीवरून पत्र काढलं आणि क्षणभर हातात धरलं. मास्तरांना वाटलं ती आता ते चुलीत घालेल, आणि त्यांना ते बरं वाटलं असतं. तिने ते त्यांच्या मांडीवर पालथं ठेवलं. "ह्यावर कागद घ्या. लिवायला कठीण पायजे. आता लिवा, माजाच हाय तो. आनी दोरा मागवा. तो त्यांच्या पाकिटात नको."

"लिहितो."

"मी आदी सांगितलेलं हाय ना तुमच्याजवळ? तसंच लिवा. परत सांगायची ताकद न्हाय माज्यात."

मास्तरांनी मूळ कागद काढला. निळ्या रेघांखालून एकेक ओळ मोठ्याने वाचायची, मग इंग्रजीत उतरवायची, असं सुरू झालं. बाप दर्यात गेला तेव्हा हा सात वर्षांचा होता. झोपेत बोलतो. तारल्याचं कालवण. मास्तरांनी काहीही सोडलं नाही, काही फुगवलंही नाही. दोऱ्याला त्यांनी 'करगोटा' असंच लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, आणि पुढे तो काय असतो ते सांगितलं. पाचही गाठींची नावं लिहिली. दर्याला कळावं हा कुणाचा, हेही लिहिलं. तुळसा भिंतीला टेकून ऐकत होती. प्रत्येक ओळीला, गाऱ्हाण्याला द्यावा तसा, बारीक हुंकार देत होती. मास्तरांना अठरा दिवसांत पहिल्यांदा कानाशी दुसरा आवाज ऐकू येत नव्हता. पण तो गेला नव्हता. तो इथे, या खोलीत, तिच्याबरोबर ऐकत बसला होता.

शेवटची ओळ राहिली. मास्तरांनी वाचली. "शिमग्याला येतो म्हणाला. पालखी खांद्यावर घ्यायचीय त्याला."

ओळ इंग्रजीत उतरवून झाली, तरी हुंकार आला नाही.

"ती काटा," तुळसा म्हणाली.

मास्तरांनी वर बघितलं.

"ती आता खरी न्हाय. ती काटा मास्तरानू."

त्यांनी खिशातली निळी पेन्सिल काढली, नव्या पत्रातल्या त्या ओळीवर टेकवली. हजारो ओळी काटलेला तो हात, एवढी एक ओळ काटायला हलेना. पेन्सिलीचं टोक 'शिमग्या'वर तसंच टेकून राहिलं.

तुळसाने थोडा वेळ वाट बघितली. मग ती पुढे सरकली, त्यांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली, जाळं विणायची सुई धरतात तशी मुठीत धरली, आणि तिला वाचता न येणाऱ्या त्या ओळीवरून, मास्तरांच्या बोटाने दाखवलं तिथून तिथपर्यंत, स्वतः रेघ ओढली.